पाटावरचा हात

१

हॉलंडमधल्या न्यूनेनमध्ये घरामागच्या लाकडी खोपट्याला ‘स्खूर’ म्हणतात. बाकीच्यांच्या स्खूरमध्ये सायकली असतात, गवत कापायचं यंत्र असतं आणि बायकोने घरातून हद्दपार केलेलं सामान असतं. श्रीनिवासच्या स्खूरमध्ये सुऱ्या तयार होत. आठवडाभर तो आइंडहोव्हनला यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मापं घेण्याचं काम करी. केसाचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग किती, असली मापं. आणि शनिवार उजाडला की चहाचा कप घेऊन मागे जाई तो थेट रविवारी अंधार पडल्यावर माणसात येई.

नीरजा आधी तिथे जायची ती फक्त ‘जेवायला येतोस की पान पाठवू’ एवढं विचारायला. एकदा अशीच रागावून गेली आणि दारात उभी राहिली. तो पातं घासत होता. लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि मुठीपासून टोकापर्यंत एका दिशेने ओढायचा. दोन लांब हात मारायचे, मग जरा थांबून फू करून भुकटी उडवायची, की पुन्हा दोन हात. यंत्रावर हे काम दहा मिनिटांत होतं. श्रीनिवास त्याला तीन आठवडे लावायचा, आणि ते तीन आठवडे पात्यात दिसायचे. त्या दिवशी जेवण गार झालं. पुढच्या महिन्यात नीरजाने चामडं, आरी आणि मेणाचा दोरा मागवला आणि नवऱ्याच्या सुऱ्यांची म्यानं शिवायला घेतली. ओलं चामडं सुरीभोवती दाबून बसवायचं, वाळू द्यायचं, धार शिवणीला लागू नये म्हणून मधे जाड पट्टी घालायची, मग टाका टाका. दोऱ्याचं दुसरं टोक श्रीनिवास धरायचा. अशी आठ वर्षं गेली. लोक त्यांच्या सुऱ्यांसाठी आठ आठ महिने थांबू लागले.

नवऱ्याच्या शंभर गोष्टींचा नीरजाला वैताग होता. ओला टॉवेल पलंगावर, फोन कायम सायलेंटवर. पण त्याच्या उजव्या हातावर तिचा जीव होता, आणि हे ती कोणालाही सांगायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्या हातातून कानस खाली पडली. श्रीनिवास तिच्याकडे बघत राहिला, उचलू म्हणाला तर हात ऐकेना. मेंदूचा झटका होता. हॉस्पिटलमध्ये सगळं वेळेवर झालं. पाय ठीक, बोलणं ठीक, नेहमीचे विनोद ठीक. बाकीचा श्रीनिवास जसाच्या तसा परत आला, एक उजवा हात तेवढा आला नाही. डॉक्टर म्हणाले की जे काय परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं. मधल्या काळात स्खूरमध्ये बाकावरच्या शिकंज्यात एक पातं तसंच अडकून होतं, मुठीपासून चार बोटं चकचकीत, पुढे मळकं. युट्रेख्टला मंजूषा नावाची एक मुलगी मोठ्या हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळते, तिच्यासाठीची सुरी. मंजूषाने फोन करून सांगितलं की मी थांबते, तुम्ही हाताकडे बघा. श्रीनिवासने त्या दिवसापासून स्खूरकडे पाठ फिरवली.

२

श्रीनिवासचे वडील भोसरीला टूलरूममध्ये फिटर होते. खंडेनवमीला तिथे यंत्रं धुतली जात, त्यांना झेंडूच्या माळा पडत आणि त्या दिवशी कोणी बटणाला हात लावत नसे. हत्यारांचा विश्रांतीचा दिवस. पुण्याहून इकडे आल्यावरही या घरात ते चुकलं नव्हतं. स्खूरमध्ये पाट मांडायचा, त्यावर हातोडी, कानशी, आरी, मापं घ्यायचं व्हर्निअरसुद्धा. झेंडू गार्डन सेंटरमधल्या कुंडीतले.

यंदा श्रीनिवास येईना. नीरजाने त्याला जवळजवळ ओढतच आणलं. तो दाराशी उभा राहून बघत होता. तिने एकेका हत्याराला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या.

“एक गंजलेलं राहिलं की तुझं,” तो म्हणाला. आणि पुढे येऊन डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याने पाटावर, कानशींच्या शेजारी, ठेवून दिला.

थट्टाच होती ती. नीरजाने हसून त्याला एक चापट मारायला हवी होती. पण दोन महिने कोंडलेलं रडू एकदम वर आलं, आणि तिने खरोखरच त्या हाताला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता घातल्या, मनगटाशी एक झेंडू ठेवला. हात जोडले. थोड्या वेळाने श्रीनिवास हात काढून घेऊन घरात गेला.

दसऱ्याच्या सकाळी शेजाऱ्याची गाडी त्याला फिजिओकडे घेऊन गेली. नीरजाला दहाला लायब्ररीत पोचायचं होतं. तिने घाईघाईने उत्तरपूजा उरकली. एकेका हत्यारावर अक्षता टाकायच्या, त्याला जागचं जरासं हलवायचं, म्हणजे पूजा उतरली, हत्यार कामाला मोकळं झालं. सगळी हत्यारं भिंतीवर गेली, पाट दारामागे गेला. हाताचं काही तिच्या मनातसुद्धा आलं नाही. हात तर मालकाबरोबर गाडीत बसून गेला होता.

३

पुढच्या सोमवारी ती एका जुन्या म्यानाचा टाका उसवला होता तो घालायला स्खूरमध्ये गेली आणि शिकंज्यातल्या पात्याकडे सहज नजर गेली. चार बोटं चकचकीत होतं ते आता आठ बोटं होतं.

तिने चष्मा पुसला, बोटं ठेवून मोजली. आठच भरली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिला हसू फुटलं. ती लायब्ररीत असते तेव्हा हा गडी गुपचूप इकडे येतो आणि डाव्या हाताने घासायला शिकतो. कोणाला सांगत नाही, कारण जमलं नाही तर फजिती नको. अगदी त्याच्या स्वभावाला धरून.

नवरा चोरून पितो हे कळल्यावर कुठलीच बायको गप्प बसत नाही. चोरून काम करतो हे कळल्यावर नीरजा मात्र गप्प बसली. त्या दिवशी तिने केळं घालून शिरा केला. श्रीनिवासने विचारलं की आज काय विशेष, तर म्हणाली, केळी पिकली होती.

रोज सकाळी ती म्यानाचं निमित्त करून जाई आणि पातं बघून येई. रोज बोटभर पुढे. आणि काम असं की बघत राहावं. खिडकीच्या उजेडात धरलं की तावदानाच्या चौकटीची रेघ पात्यात मुठीपासून टोकापर्यंत सरळ धावायची, कुठे अडखळायची नाही. आठ वर्षांत तिने त्याची चाळीसेक पाती बघितली होती. त्यातली उत्तम म्हणावी अशी तीन होती, आणि हे त्या तिन्हींच्या वरचं होतं. ईशानीशी, म्हणजे युट्रेख्टला शिकणाऱ्या लेकीशी, फोनवर बोलताना ते तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं. त्याचं त्याला सांगू दे, असं तिने ठरवलं.

४

पॉलिश पेपरचे ओरखडे सरळ दिसतात, पण ते सरळ नसतात. हात कोपरावरून फिरतो, त्यामुळे ते किंचित कमानीसारखे वळतात. उजव्या हाताचे एका बाजूला, डाव्याचे दुसऱ्या. हे नीरजाला श्रीनिवासनेच शिकवलं होतं. म्हणून एका सकाळी तिने कौतुकाने भिंग घेतलं. डाव्या हाताने माणूस एवढा सफाईने कसा घासतो ते तिला बघायचं होतं.

कमान उजव्या हाताची होती.

ती स्टुलावर बसली. नंतर तिला आणखी आनंद झाला, म्हणजे तिने तो करून घेतला. हात परत आलाय. बहुतेक दिवाळीला सांगायचं ठरवून बसलाय. पण काल रात्री जेवताना त्याला भाकरीचा तुकडा मोडता आला नव्हता. नाटक एवढं हुबेहूब करणारा माणूस तो नव्हे. त्याला शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाडाचं कामसुद्धा जमलं नव्हतं.

गुरुवारी ती मुद्दाम रजा घेऊन त्याच्याबरोबर फिजिओकडे गेली. मार्लूस नावाची उंच, हसरी बाई. तिने नेहमीचं पकड मोजायचं यंत्र त्याच्या हातात दिलं. सप्टेंबरच्या शेवटी त्यावर नऊ किलो आले होते, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दसऱ्यानंतर सहा. आज तीन. मार्लूसने यंत्र हलवून बघितलं, स्वतःच्या हाताने दाबून बघितलं. मग ती श्रीनिवासचा दंड आणि पंजा चाचपत राहिली. हसणं थांबलं होतं. तिने विचारलं की तुम्ही या हाताने घरी खूप काम करता का? हा हात लुळा लागत नाही, थकलेला लागतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा लागतो तसा.

“करतो ना,” नीरजा म्हणाली. तिला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. “रोज दुपारी वर्कशॉपमध्ये असतो.”

श्रीनिवासने वळून तिच्याकडे बघितलं. तो मराठीत म्हणाला, “पूजेनंतर मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही.”

घरी आल्याबरोबर तिने स्खूरला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी उघडलं, तर पातं आणखी बोटभर पुढे गेलेलं होतं.

५

शनिवारी दुपारी चारची वेळ. दोघं डायनिंग टेबलाशी मटार सोलत होते, म्हणजे ती सोलत होती आणि तो डाव्या हाताने दाणे एकीकडे करत होता. उजवा हात टेबलावर घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवलेला. बाहेर ऊन होतं म्हणून मागची खिडकी थोडी उघडी होती.

बागेच्या टोकाकडून आवाज आला. दोन लांब हात, मग थांबणं, मग फू. पुन्हा दोन हात.

नीरजाने शेंग खाली ठेवली नाही. तिने ती सोलली, दाणे भांड्यात टाकले, दुसरी घेतली. शेजारचा पानं गोळा करत असेल. खराट्याचाही असाच आवाज येतो. पण खराटा मारणारा माणूस मधे फुंकर कशाला मारेल? आणि तो आवाज आठ वर्षं ऐकला नाही असा एक शनिवार गेला नव्हता. त्या आवाजाचा माणूस समोर बसला होता. त्याच्या उजव्या हाताकडे तिने बघितलं. हात नॅपकिनवर निपचित होता. आवाज चालू होता.

“ऐकू येतंय ना तुला?” श्रीनिवास हळूच म्हणाला.

तिने मान हलवली. त्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला की दसऱ्यापासून ऐकतोय. वाटलं होतं डोक्यातलं असेल, झटक्यानंतर असले भास होतात म्हणतात, म्हणून बोललो नाही. तुला येतंय म्हणजे बरंच झालं. हे ‘बरंच झालं’ ऐकून नीरजाच्या अंगावर काटा आला. ती उठायला लागली तर त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

“थांब. आता बाराशेचा, एकदम बारीक कागद चालू आहे,” तो म्हणाला. “बघ, टोकाकडे येताना दाब कसा सोडतोय ते ऐक. मला हा दाब आयुष्यात जमला नाही, नीरजा. मी नेहमी टोकाला घाई करायचो.”

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लहानपणी सवाई गंधर्वला मंडपाबाहेर रस्त्यावर बसून गाणं ऐकायचा, ते तो फार रंगवून सांगायचा. तेव्हा त्याचा चेहरा असाच होत असणार. आणि खरं सांगायचं तर घाबरलेल्या नीरजालाही ते ऐकू येत होतं. टोकाकडे येताना तो आवाज कसा पातळ होत होता, कुठे तुटत नव्हता. मटार तसेच राहिले. अर्धा तास दोघं ऐकत बसले.

६

मग ती एकटी गेली. बागेतली वाट वीस पावलांची. आवाज तिच्या पावलांना थांबला नाही. कुलपात किल्ली फिरली तेव्हा थांबला.

आत कोणी नव्हतं. पाती घासल्यावर येणारा लोखंडी, तेलकट वास होता. पात्याला तिने बोट लावलं तर ते कोमट लागलं. कागद गुंडाळलेला ठोकळा बाकावर कडेवर उभा होता, आणि ती बघत असतानाच तो आडवा झाला. बाकावर करडी भुकटी बसली होती. पातं घासताना श्रीनिवास तळहाताची टाच जिथे टेकवायचा तिथली भुकटी पुसली गेली होती. ठोकळ्यावर, अंगठ्याच्या जागी, हळदीचा डाग होता. ओला, पिवळाजर्द.

नीरजाने तो डाग बघितला आणि तिला दारामागचा पाट आठवला. हातोडी हलवली, कानशी हलवल्या, आरी हलवली. एका हत्याराची पूजा उतरायची राहिली होती. ते पाटावर बसलेलंच होतं.

असलं काही मानणारी बाई ती नव्हती. घरी मासिक पाळीत लोणच्याला हात लावून तिने सासूबाईंशी भांडण केलं होतं. वाटेने परत येता येता तिने स्वतःला तीनदा वेड्यात काढलं. पण श्रीनिवासला तिने सगळं सांगितलं, आणि म्हणाली की आत्ता चल, दोन अक्षता टाकते, हात उचलते, विषय संपला.

त्याने डाव्या हाताने उजवा हात मांडीवर ओढून घेतला.

“मूठ तेवढी होऊ दे,” तो म्हणाला.

नीरजाला आधी कळलंच नाही. मग कळलं, तो सुरीच्या मुठीबद्दल बोलत होता, आणि ती चिडली, इतक्या वर्षांच्या संसारात चिडली नव्हती एवढी. नऊचे तीन झालेत, तिने सांगितलं. तिकडे बोटभर पुढे सरकतं ते इकडून जातंय, एवढं गणित तुला दिसत नाही? सहा महिन्यांतले तीन होत आले. जे यायचं ते आत्ता येणार आहे. सुरी काय, आणखी होतील.

“आणि परत आलेला हात असलं काम करेल?” श्रीनिवासने विचारलं. “तू बघितलंयस ते पातं. खरं सांग.”

तिने खोटं सांगायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

७

दिवाळी आली तशी गेली. ईशानी दोन दिवस येऊन गेली. बाबाचा हात हातात घेऊन तिने डचमध्ये काहीतरी पुटपुटलं आणि आईला विचारलं की हा एवढा गार का लागतो. नीरजा म्हणाली, हवाच गार आहे. लेक होती तेवढे दोन दिवस स्खूर शांत होतं. ट्रेन सुटल्यावर त्याच दुपारी पुन्हा सुरू झालं.

पातं पुरं झालं. मग मुठीला अक्रोडाच्या दोन फळ्या चिकटल्या. मग मूठ कोरली जाऊ लागली. मंजूषाने मुठीच्या मापासाठी स्वतःचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून पाठवला होता, तो कागद बाकावर पसरलेला असे. मार्लूसच्या यंत्रावर दोन आले, नंतर एक. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पुन्हा स्कॅन करायला लावला, त्यात नवीन काही निघालं नाही. नीरजाला मात्र रोज दिसत होतं. हाताची कातडी कागदासारखी झाली होती. आणि एका रविवारी त्याची नखं कापायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की डाव्या हाताची वाढली आहेत, उजव्याची दसऱ्यापासून वाढलेलीच नाहीत.

तिने म्यान शिवायला घेतलं, ते स्वयंपाकघरात बसून. स्खूरमध्ये बसवेना. चामडं भिजवून सुरीचा आकार घ्यायचा म्हणून ती एकदा सुरी घरात घेऊन आली आणि दिव्याखाली धरली. सुरी हातात आली म्हणण्यापेक्षा हात सुरीत गेला म्हणावं. तोल असा की वजन कळत नव्हतं. पात्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता, सुरकुत्यांसकट. एवढी सुंदर वस्तू आपल्या घरात झाली, या विचाराने तिला रडू आलं, आणि आपण कशासाठी रडतोय ते तिलाच नीट कळेना.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी आवाज आला नाही. शनिवारीही नाही. नीरजाने सुरी आणून श्रीनिवासच्या डाव्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, धार अंगठ्याच्या नखावर टेकवली, मुठीच्या फळ्यांचा जोड शोधला आणि त्याला तो सापडला नाही.

“हिला आता काहीच करायचं उरलेलं नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. मग त्याने तिच्याकडे बघितलं. “चल. तुझ्या अक्षता घे.”

८

रविवारी सकाळी अकराला नीरजाने स्खूरमध्ये बाकावर पाट मांडला. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. श्रीनिवासने डाव्या हाताने उजवा उचलला आणि पाटावर ठेवला. त्या पांढऱ्याफटक हाताकडे बघून तिला आपल्या मूर्खपणाची पुन्हा एकदा लाज वाटली. तरी तिने मूठभर अक्षता घेतल्या, हातावर टाकल्या, आणि दोन्ही हातांनी तो हात धरून जागचा जरासा हलवला.

श्रीनिवासच्या तोंडून कळ आल्यासारखा आवाज निघाला. हात तिच्या हातात कोमट होऊ लागला. करंगळी मिटली, मग तिच्या शेजारची, मग सगळीच. नीरजाची बोटं त्या मुठीत सापडली आणि तिला दुखलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला त्या हाताने दुखवलं होतं. ती हसायला लागली, रडायला लागली, श्रीनिवासही. ईशानीला फोन करते म्हणाली आणि फोन घरात राहिलाय म्हणून पुन्हा हसली.

हाताने तिची बोटं सोडली आणि बाकावरचा ठोकळा उचलला.

करू दे, तिच्या मनात आलं. तान्ह्या पोरासारखं झालंय, खेळू दे थोडं. सुरी तिने काल परत आणून बाकावर फळीला बांधून ठेवली होती. पहिले दोन हात ओढले गेले आणि नीरजा नेहमीच्या जागी, समोरच्या स्टुलावर, बसली. एवढ्या जवळून तिने ते कधी बघितलंच नव्हतं. खांदा हलत नव्हता, फक्त कोपर आणि मनगट. कागद पात्यावर टेकतोय की नाही अशी शंका यावी इतका हलका, आणि तरी पातं उजळत होतं. संपलेलं काम आणखी किती पुढे जाऊ शकतं ते तिला दिसत होतं. दहा मिनिटं गेली असतील, वीस गेली असतील. तिला डोळे मिटवेनात.

मग तिला दिसलं की श्रीनिवास सुरीकडे बघत नाहीये. तो तिच्याकडे बघत होता. कपाळावर घाम होता. डाव्या हाताने त्याने स्वतःचं उजवं मनगट धरलेलं होतं, आणि ते त्याने इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“पुरे आता,” ती म्हणाली. “सुरी झालीये. तूच म्हणालास. थांब ना रे.”

“अगं,” श्रीनिवास म्हणाला, “मी केव्हाचा थांबलोय.”

हात टोकापर्यंत गेला, तिथे दाब सोडला आणि परत मुठीशी आला. नीरजाने पुढे होऊन तो धरायला हवा होता. ती स्टुलावरून उठलीसुद्धा. पण तेवढ्यात पुढचा हात सुरू झाला, आणि तो पुरा होईपर्यंत तिला नजर हलवता आली नाही.